जेफरसनच्या युनिव्हर्सिटीत सोलापूरच्या पोरीने जावं का?

पत्र थोडक्यात असं आहे: "मॅडम, मी बीए इतिहासच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमचं घर सेटलमेंट भागात, म्हणजे इंग्रजांनी जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे तारेच्या कुंपणात ठेवलं तिथे, माझे पणजोबा त्या तारेच्या आत राहिलेले. मला बाहेर जाऊन इतिहासच शिकायचाय. युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया मनात भरली होती, पण वाचताना कळलं की ती काढणाऱ्या जेफरसननेच 'सगळी माणसं समान' असं लिहिलं आणि स्वतः गुलाम ठेवले. तिथे अर्ज करणं ढोंगीपणा नाही का? आणि एसओपीत, म्हणजे मला तिथे का शिकायचंय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निबंधात, हे सगळं लिहिलं तर नाकारतील का? बाबा म्हणतात गप एमपीएससी दे."

अगं, आधी एक सांगते, तू वाचलंस ते खरं आहे आणि तू वाचलंस त्यापेक्षा जास्त आहे. १७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेफरसनने लिहिला आणि आयुष्यभरात ६०० च्या वर माणसं त्याच्या मालकीची होती. पण मला त्याचं १७७९ चं शिक्षणाचं बिल जास्त टोचतं, कारण ते आपल्या लाईनचं आहे. तीन वर्षं फुकट शाळा, मुलींना पण, आणि गरिबांच्या हुशार पोरांना सरकारी खर्चाने वरपर्यंत शिकवायचं, म्हणजे जन्म बघायचा नाही गुण बघायचा, त्या काळात हे बोलायला छाती लागते. फक्त ही शाळा गुलाम नसलेल्यांच्या लेकरांसाठी. बिल त्या रूपात पास झालंच नाही, पण मनात काय होतं ते दिसतं ना.

मग १८१९ ला युनिव्हर्सिटीची सनद मिळाली, १८२५ ला वर्ग सुरू झाले. मधोमध चर्च नाही तर घुमटाची लायब्ररी बांधली, धर्मशास्त्राचा प्रोफेसर ठेवला नाही, आणि इथे सत्य नेईल तिकडे जायला आम्ही भीत नाही असं जेफरसनने १८२० च्या पत्रात लिहिलं. त्या लायब्ररीसाठी जमीन सपाट कोणी केली, माती खणून विटा कोणी पाडल्या, तर गुलामांनी, त्यातले बरेच मालकांकडून वर्षाच्या भाड्याने घेतलेले. विद्यार्थ्यांना स्वतःचा गुलाम सोबत आणायला बंदी होती, वाचून वाटतं वा, पण खोल्या झाडायला, पाणी भरायला, जेवण वाढायला मेसवाल्यांचे गुलाम होतेच. आणि पोरं उत्तरेत शिकायला गेली तर तिकडचे विचार घेऊन येतील ही पण एक काळजी होती बरं का, मिसुरी या नव्या राज्यात गुलामगिरी चालू द्यायची का यावरून वाद झाला त्यानंतरच्या जेफरसनच्या पत्रांत ते स्पष्ट दिसतं. त्यामुळे "बिचारा काळाच्या पुढे होता पण काळाने अडवलं" हे जे लोक म्हणतात ते मला पटत नाही, सत्य कुठपर्यंत न्यायचं ते आधीच ठरलेलं होतं.

आता तुझ्या कामाची गोष्ट. १९३५ मधे ॲलिस जॅक्सन नावाच्या काळ्या मुलीने तिथे फ्रेंचच्या मास्टर्ससाठी अर्ज केला. उत्तर आलं की गोरे आणि काळे एकत्र शिकवणं आमच्या जुन्या धोरणात बसत नाही आणि शिवाय "इतर योग्य व पुरेशी कारणं" आहेत. तिने परत पत्र टाकलं की ही इतर कारणं कोणती ते सांगा! मला ती बाई लई आवडते. सांगितलं नाहीच, उलट राज्याने कायदा केला की काळ्या विद्यार्थ्यांनी बाहेरच्या राज्यात शिकावं, जास्तीचा खर्च आम्ही देऊ, म्हणजे पैसे घ्या पण इथे येऊ नका. ती गेली न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत आणि मास्टर्स करून आली. युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियात पहिला काळा विद्यार्थी, ग्रेगरी स्वानसन, १९५० ला आत गेला तो पण कोर्टात जाऊन, आणि डिग्रीच्या वर्गांत मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळायला १९७० उजाडलं.

आणि कोलंबिया तरी काय धुतल्या तांदळासारखी नव्हती. बाबासाहेब १९१३ ला तिथे गेले, पुढे त्यांनी काय केलं ते तुला मी सांगायला नको, पण ती संस्था १७५४ ला किंग्ज कॉलेज म्हणून निघाली तेव्हा चालवणाऱ्यांच्या घरी गुलाम होते आणि तिच्या मुख्य कॉलेजात मुलींना १९८३ पर्यंत प्रवेश नव्हता. निर्मळ संस्थापकाची युनिव्हर्सिटी शोधत बसलीस तर कुठेच फॉर्म भरता येणार नाही. मी तरी अर्ज करण्याआधी एवढंच बघते की आज तिथली जुनी कागदपत्रं उघडी आहेत का आणि ती वाचायला तुझ्यासारखीला आत घेतात का, पैशासकट. व्हर्जिनियात २०१३ ला गुलामगिरीवर कमिशन बसलं, विद्यार्थ्यांनी आधीपासून लावून धरलेलं स्मारक २०२० ला पूर्ण झालं. तिथे राबलेल्या गुलामांचा अंदाज ४,००० च्या आसपास आहे, पण नावं सापडली ती पाच-सहाशेच, बाकीच्यांसाठी दगडावर नुसत्या खुणा. आणि जी सापडली ती हिशेबाच्या वह्यांतून, पावत्यांतून, पत्रांतून कोणीतरी बसून काढलेली आहेत. हे काम म्हणजे नोकरी असते बाळा, आर्काइव्हिस्ट म्हणतात.

एसओपीचं म्हणशील तर हे लिहिलंस म्हणून कोणी नाकारणार नाही, तिथले प्रोफेसरच यावर लिहितात. नाकारतील ते भाषण ठोकलंस तर. दोन पानं जेफरसनला झोडपून तू कोण आहेस हे कळतच नाही, ते त्यांना रोज ऐकायला मिळतं. सेटलमेंटपासून सुरू कर की! १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, जन्माने गुन्हेगार ठरवलेली माणसं, तारेचं कुंपण, हजेरी, गिरणीत मजुरी. आपण समतेचं संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू केलं आणि तो कायदा देशभरात रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, त्यानंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आलेच. तुझा प्रश्न असा मांड की संस्थेच्या रजिस्टरमधे जे फक्त आकडा म्हणून नोंदले गेले त्यांचा इतिहास कसा लिहायचा. त्यासाठी आधी थोडं काम केलेलं दाखव, घरातल्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड कर, त्यांना विचारून, आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात, जिथे सरकारची जुनी कागदपत्रं ठेवतात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे ते, सेटलमेंटच्या फायली बघून ये.

पैशाचं नीट ऐक. अमेरिकेत इतिहासाच्या पीएचडीला मोठ्या युनिव्हर्सिट्यांत बहुतेक फी माफ आणि स्टायपेंड असतो, नुसत्या एमएला बहुधा नसतो, आणि तुझा बीए तीन वर्षांचा असेल तर चालतो का हे त्या डिपार्टमेंटला मेल करून विचारायचं. कर्ज काढून एमए करू नकोस, घर गहाण टाकून इतिहास शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, १२५ जागा, त्यातल्या विमुक्त-भटक्यांना ६. पण २०२२ पासून तिच्या नियमात भारताची संस्कृती, इतिहास, समाज यावरचे विषय वगळलेत. म्हणजे सेटलमेंटच्या पणतीला स्कॉलरशिप मिळू शकते, पण सेटलमेंटवर अभ्यास करायला नाही, आता जेफरसनला काय बोलायचं सांग! राज्याची पण विजाभजसाठी, म्हणजे विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी, परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यात वर्ल्ड रँकिंगची अट बघ आणि व्हर्जिनिया त्यात बसते का ते तपास, नियम बदलत राहतात म्हणून यंदाचा जीआर वाच, कोणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नकोस.

बाबांना म्हण की एमपीएससीला इतिहास लागतोच, वाचलेलं वाया जात नाही. यंदा लगेच अमेरिका नको, आधी इथे एमए कर, सोलापूरला किंवा पुण्याला, सोबत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डिप्लोमाची जाहिरात बघत जा, त्याने नोकरीची एक बाजू पक्की होते आणि बाबांना पण बरं वाटेल. एमएच्या दुसऱ्या वर्षात पीएचडीचे अर्ज टाकायचे, तारखा साधारण डिसेंबर-जानेवारीत असतात, म्हणून दिवाळीच्या आत एसओपीचा कच्चा मसुदा मला पाठव, मराठीत लिहिलास तरी चालेल.