आडतीचं सॉफ्टवेअर तोडून मायक्रोसर्व्हिसेस केल्या तर सीझनमध्ये पळेल का?

तुमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, तरी सीझनमध्ये रखडतं, म्हणून त्याचे छोटे, स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम म्हणजे मायक्रोसर्व्हिसेस करावेत का, असं विचारलंय. नुसत्या तोडण्यानं ते पळणार नाही. एकेक काम उलट थोडं हळूच होईल.

मी लातुरात असल्याच सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून उदाहरणाला हिशेबपट्टीच, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, घेतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, शेतकऱ्याचं खातं हे एकाच प्रोग्रॅममध्ये असेल तर एका फंक्शननं दुसऱ्याला बोलवायला मायक्रोसेकंदही लागत नाही. वेगळ्या सर्व्हिसेस केल्या की प्रत्येक कॉल नेटवर्कवरून जातो. एकाच डेटासेंटरमध्ये अर्धा-एक मिलिसेकंद, वर जेसनची, म्हणजे डेटा पाठवायच्या मजकुराच्या साच्याची, बांधाबांध. सरासरीत हे कळतही नाही. पण प्रत्येक कॉल शंभरात एकदा अडखळत असेल आणि एका पट्टीला दहा कॉल लागत असतील, तर शंभरातल्या नऊ-दहा पट्ट्या अडखळतात. बंद पडण्याचंही तसंच. 99.9 टक्के वेळ चालणाऱ्या दहा सर्व्हिसेस एकमेकींवर अवलंबून ठेवल्या की हाती 99 टक्के उरतात, म्हणजे महिन्याला पाऊण तासाऐवजी सात तास बंद.

मग फायदा कुठं? दसरा-दिवाळीत सोयाबीनची आवक वाढते. मोंढ्यात सौदा निघाला की भाव बघायला सगळे एकदमच ॲप उघडतात. पट्ट्या मात्र मापं होतील तशा निघतात. भाव दाखवणारा भाग वेगळा काढलात तर तेवढ्याच्याच दोनाच्या दहा प्रती चालवता येतात, आणि तो कोलमडला तरी पट्टी अडत नाही. अर्थात त्याचा डेटाही वेगळा किंवा कॅशमध्ये (पटकन वाचायला ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतीत) हवा, नाहीतर दहाही प्रती एकाच डेटाबेसच्या दारात गर्दी करतील. एसएमएसही रांगेत टाका, म्हणजे पट्टी त्यांच्यासाठी थांबणार नाही. त्यासाठी काफ्कासारख्या मोठ्या संदेश-यंत्रणेची गरज नाही, साधी क्यू (रांग) पुरते.

वजन, भाव, खातं यांना मात्र हात लावू नका. आज ते एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतं, म्हणजे सगळं होतं नाहीतर काहीच होत नाही. तोडलं की पट्टी निघाली पण खात्यात जमा नाही, असल्या भानगडी निस्तरत बसाल. मोठ्यांनीही माघार घेतलीय: ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं व्हिडिओचा दर्जा तपासणारी यंत्रणा तुकड्यांतून पुन्हा एकत्र केली आणि तिचा खर्च 90 टक्क्यांनी उतरला, असं त्यांनीच 2023 मध्ये सांगितलं.

तुम्ही आधी सीझनमधल्या एका दुपारचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला वेळ लावणाऱ्या प्रश्नांची नोंद, काढा. भावाच्या टेबलावर तारीख आणि मालाचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसेल, तर तो आजच लावा.