अमेरिकेत देणगीवर मर्यादा असूनही अब्जाधीश निवडणुकीत एवढा पैसा कसा ओततात? आणि त्यातून खासदार खरंच विकत घेता येतो का?

आधी एक फरक लक्षात घ्या, नाहीतर सगळंच कोड्यात टाकणारं वाटेल. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपये. अमेरिकेत उमेदवार हवा तेवढा खर्च करू शकतो, मर्यादा आहे ती त्याला देणाऱ्यावर. १९७६ च्या 'बकली विरुद्ध व्हॅलेओ' खटल्यात सुप्रीम कोर्टाने असा निवाडा दिला की दुसऱ्याला पैसे देण्यात लाचेचा धोका असतो, म्हणून त्यावर बंधन चालेल. पण प्रचारावर स्वतः खर्च करणं म्हणजे आपलं म्हणणं मांडणं, त्यावर बंधन घालता येणार नाही. पुढच्या सगळ्या पळवाटा या निवाड्याच्या फटीतून निघाल्या आहेत.

आकडे बघू. २०२५-२६ साठी एक माणूस एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर देऊ शकतो. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, वेगळी धरतात आणि मुख्य वेगळी, म्हणजे झाले ७,००० डॉलर. नवरा-बायको दोघांनी दिले तर १४,०००. कंपनीला आपल्या तिजोरीतून संघीय उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, ही बंदी १९०७ पासून आहे. कंपनीच्या नावाचा जो 'पॅक' (पॉलिटिकल ॲक्शन कमिटी, राजकीय देणग्या जमवणारी समिती) असतो त्यात पैसा अधिकाऱ्यांच्या आणि भागधारकांच्या खिशातला असतो, आणि तोही एका उमेदवाराला दर निवडणुकीत ५,००० डॉलरच देऊ शकतो. हा ५,००० चा आकडा १९७४ पासून तसाच आहे, महागाईप्रमाणे वाढत नाही. त्यामुळे साध्या पॅकचं वजन दरवर्षी थोडं थोडं घटतंय.

खरा पैसा दुसऱ्या खिशात असतो. २०१० मध्ये जानेवारीत 'सिटिझन्स युनायटेड' खटल्याचा निकाल आला आणि मार्चमध्ये त्याच्या आधारे 'स्पीचनाऊ'चा. त्यातून सुपर पॅक जन्माला आले. देशातल्या जवळजवळ कुणाकडूनही, कंपनीकडूनसुद्धा, कितीही घ्या, कितीही खर्च करा. मुख्य अट एकच: उमेदवाराला पैसे द्यायचे नाहीत आणि त्याच्याशी संगनमत करायचं नाही. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरच्या वर ओतले ते मुख्यतः याच वाटेने.

आता ही संगनमताची भिंत किती पातळ आहे ते पाहा. उमेदवाराच्या वेबसाइटच्या एका आडबाजूच्या पानावर लाल चौकटीत काही वाक्यं असतात. 'अमुक वयाच्या, अमुक भागातल्या मतदारांनी हे पाहायला हवं की आमच्या विरोधकाने तमुक मतदान केलं.' साध्या वाचकाला ते बोजड वाटतं, सुपर पॅकवाल्यांना मात्र बरोबर कळतं. 'पाहायला हवं' म्हणजे टीव्हीवर जाहिरात द्या, 'वाचायला हवं' म्हणजे घरी पत्रकं पाठवा, 'फिरता फिरता कळायला हवं' म्हणजे मोबाइलवर. फोन नाही, बैठक नाही, सगळं जाहीर आहे, त्यामुळे संगनमत सिद्ध करणं कठीण. २०१४ मध्ये सिनेटर मिच मॅकॉनेल यांच्या प्रचारयंत्रणेने तर चक्क एक मुका व्हिडिओ टाकला होता: ते हसतायत, सही करतायत, बायकोशेजारी उभे आहेत, आणि शब्द एकही नाही. बाहेरच्या गटांनी आपला आवाज जोडून जाहिरात बनवावी, एवढ्यासाठीच.

हे अडवायचं कुणी? फेडरल इलेक्शन कमिशनने. त्यात कायद्याने सहा सदस्य, एका पक्षाचे तीनापेक्षा जास्त नाहीत, आणि कारवाईला चार मतं लागतात. तीन-तीन झालं की फाइल बंद. नाकावर टिच्चून नियम मोडायचं धाडस येतं ते इथून.

देणगीदारांची नावं लपवायचा प्रकारही साधा आहे. प्रायमरीआधी कमिशनला द्यायच्या हिशेबात मतदानाच्या साधारण तीन आठवडे आधीपर्यंतचीच जमा दाखवावी लागते. त्यानंतर नवा सुपर पॅक काढला तर खर्च लगेच जाहीर करावा लागतो, पण पैसा कुणाचा हे लोकांना मतदान झाल्यावर कळतं.

एक गोष्ट मात्र उमेदवाराच्या बाजूची आहे. प्रायमरीच्या आधीचे ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीच्या आधीचे ६० दिवस टीव्ही-रेडिओ केंद्रांनी उमेदवाराला सगळ्यात कमी दर लावायचा, असा कायदा आहे. सुपर पॅकला बाजारभाव, आणि ऐन हंगामात तो कितीतरी चढतो. म्हणून उमेदवाराच्या हातातला एक डॉलर सुपर पॅकच्या डॉलरपेक्षा जास्त जाहिराती आणतो. कोट्यधीशांचा पाठिंबा असलेला माणूसही ५०-१०० डॉलरसाठी रोज ईमेल का पाठवत बसतो, त्याचं हे एक कारण.

पैशाने मतदार विकत घेता येतो का? बेभरवशाचं काम आहे. उदाहरण आपल्याच माणसाचं देतो. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. २०२२ मध्ये ते काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, उतरले तेव्हा बाहेरच्या सुपर पॅकनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्यामागे लाखो डॉलर लावले होते, तरी ठाणेदार जिंकले. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते, आणि २८ टक्क्यांच्या आसपास मतं पुरली. अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी जवळजवळ १०० कोटी डॉलर घालून एकट्या अमेरिकन समोआ या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांवर विजय मिळवला.

पैसा चालतो तो प्रायमरीत, कारण बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले असतात, प्रायमरीला मोजकेच लोक येतात आणि तिथेच निकाल लागून जातो. २०२४ मध्ये न्यूयॉर्कचे खासदार जमाल बोमन प्रायमरीत हरले, तेव्हा एकट्या इस्रायलसमर्थक 'एपॅक'च्या सुपर पॅकने १.४ कोटी डॉलरच्या वर खर्च केले होते. अशा एका पराभवाची दहशत बाकीच्या पन्नासांना पुरते. माझ्या मते पैशाची खरी ताकद या धाकात आहे.

दुसरी जागा काँग्रेसच्या आतली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९४० मध्ये तरुण खासदार लिंडन जॉन्सन (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते) यांनी टेक्सासचे तेलवाले आणि कंत्राटदार यांचा पैसा पक्षाच्या समितीमार्फत देशभरच्या अडचणीतल्या उमेदवारांपर्यंत पोचवला. निवडून आलेले ते सगळे त्यांचे मिंधे. १९७९ मध्ये खासदार हेन्री वॅक्समन यांनी आरोग्य उपसमितीचं अध्यक्षपद ज्येष्ठ सदस्याला डावलून मिळवलं, त्याआधी समितीतल्या सहकाऱ्यांच्या प्रचाराला त्यांनी पैसे दिले होते. आज याची रीतसर व्यवस्था आहे. सहकाऱ्यांना पैसे द्यायला नेत्याचा वेगळा 'लीडरशिप पॅक' असतो, शिवाय स्वतःच्या प्रचारनिधीतून पक्षसमितीला कितीही रक्कम वळवता येते. दोन्ही पक्ष सदस्यांना कोटा ठरवून देतात. मोठ्या समितीचं अध्यक्षपद हवं तर कोटा मोठा.

तो भरायला फोन करावे लागतात. सरकारी कार्यालयातून देणगी मागणं गुन्हा आहे, म्हणून खासदार कॅपिटलपासून थोडं चालत पक्षाच्या इमारतीत जातात. समोर फोन आणि कागद: देणगीदाराचं नाव, मागच्या वेळी किती दिले, मुलं काय करतात, आज किती मागायचे. २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने नव्या सदस्यांना दिलेला नमुना दिनक्रम बाहेर आला, त्यात चार तास फोनला होते आणि समिती व सभागृहाला मिळून दोन.

मग कायद्यावरचं मत विकत घेता येतं का? रोख देऊन क्वचितच, ते पकडलं जातं. दबाव कसा येतो ते २२ नोव्हेंबर २००३ च्या रात्री दिसलं. वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यात औषधांचा खर्च घालण्याचं विधेयक होतं. पहाटे तीनला मतदान सुरू झालं. एरवी १५ मिनिटांत आटोपणारं मतदान मतं कमी पडली म्हणून जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं आणि ते २२० विरुद्ध २१५ ने पास केलं. निक स्मिथ नावाचे रिपब्लिकन सदस्य निवृत्त होत होते आणि मुलगा त्यांच्या जागी उभा होता. 'मत द्या, मुलाला जाहीर पाठिंबा देतो,' असं पक्षाचे नेते टॉम डीले यांनी त्यांना म्हटल्याबद्दल नीतिसमितीने पुढच्या वर्षी डीलेंना समज दिली. स्मिथ विरोधातच राहिले, मुलगा प्रायमरीत हरला. औषधकंपन्यांशी किमतीची घासाघीस करायला सरकारला मनाई करणारं कलम याच कायद्यात होतं. त्याला मार्ग देणाऱ्या समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन २००५ च्या सुरुवातीला औषधकंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले.

शेवटी तिकडे राहणाऱ्यांसाठी. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर कुठल्याही निवडणुकीत, अगदी गावच्या स्कूल बोर्डालाही, देणगी देऊ नका. बंदी आहे. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. आणि मंडळातला कुणी 'तू तुझ्या नावाने चेक दे, मी तुला पैसे परत देतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या घरातले दिनेश डिसूझा यांनी २०१२ मध्ये सिनेटच्या एका उमेदवारासाठी असेच दुसऱ्यांच्या नावाने २०,००० डॉलर फिरवले. ती उमेदवार मोठ्या फरकाने हरली. डिसूझांना आठ महिने रात्री सुधारगृहात काढावे लागले, ३०,००० डॉलर दंड झाला आणि पाच वर्षं प्रोबेशन लागलं. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.