मलाच का, या तुझ्या प्रश्नाबद्दल

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चौघांनी मिळून शेजारच्यांची काच फोडली, पण माफी मागायला आजीने एकट्या तुलाच पाठवले आणि वर 'ख्रिस्ताचे नाव लावतोस, तुला हे शोभते का?' असेही विचारले, याचा तुला राग आला आहे. बाकीच्या मुलांना कोणी काही बोलले नाही, मग आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतच अशी रीत का, असे तू विचारतोस.

रीत आहे खरी. पहिल्या-दुसऱ्या पिढीतले आपले लोक बहुतेक गावांत मूठभर असत, आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे काय हे शेजारीपाजारी त्यांच्या वागण्यावरूनच ठरवत. त्यामुळे एकाने उसने पैसे बुडवले तरी बोल सगळ्या मंडळीला लागे. ती धास्ती आजीच्या बोलण्यात अजून आहे. पण लोक काय म्हणतील एवढेच कारण असते, तर ते फारसे मनावर घेऊ नकोस, असेच मी तुला लिहिले असते.

तुझ्यासारखाच प्रश्न येशूचा शिष्य पेत्र यालाही पडला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात येशू जाग्या राहणाऱ्या दासांचा दाखला देतो, तेव्हा पेत्र विचारतो की हे आम्हालाच सांगतोस की सगळ्यांना. येशू सरळ उत्तर देत नाही. तो एका कारभाऱ्याची गोष्ट सांगतो. धनी घरी नसताना इतर नोकरचाकरांना वेळच्या वेळी शिधा देणे हे त्याचे काम. धन्याला यायला उशीर आहे असे म्हणून तो दासदासींना मारू लागला आणि स्वतः खाऊनपिऊन झिंगला, तर त्याची गय होत नाही. धन्याची इच्छा ठाऊक असून तसे न वागणाऱ्याला पुष्कळ फटके, ठाऊक नसणाऱ्याला थोडे. ज्याला पुष्कळ दिले त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल, हे वचन तेथलेच. ते नेहमी सुटे सांगितले जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ख्रिस्ती माणसाला नियमच काय ते जास्त. कारभाऱ्याच्या हाती मात्र नियम नव्हते, इतरांच्या वाट्याचे अन्न होते.

हे आपल्या मराठी मुलखात कोणी खरे करून दाखवले असेल, तर पंडिता रमाबाईंनी. मुलींना अक्षरओळखही दुर्मीळ होती त्या काळात त्यांना घरातच संस्कृतचे शिक्षण मिळाले, कोलकात्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, आणि 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या विद्येवर त्या मानाने राहू शकल्या असत्या. पण तरुणपणी दुष्काळात स्वतःचे आईवडील गमावलेल्या या बाई 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तेथल्या शेकडो उपाशी मुली व विधवा त्यांनी आणून सांभाळल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेही अशा सोप्या मराठीत की थोडेसे शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे. 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या ज्या आश्रमात या मुलींना आसरा मिळाला, तेथेच छापखाना चालला आणि आश्रमातल्या बायकांनीच त्यात काम केले. रमाबाईंना मिळालेली विद्या अशी त्या बायकांच्या हाती पोचली.

आता आजीबद्दल एक. 'ती पोरे तशीच' असे ती म्हणाली, ते मला पटलेले नाही. आपल्याकडून जास्त मागितले जाते म्हणून इतरांचा हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. हे तू तिला सांगू नकोस, मी सांगेन.

तुझे दृढीकरण जवळ आले आहे, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले. बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही तुझ्या वतीने जी वचने दिली, ती आता तू मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने देशील आणि प्रभुभोजनात सहभागी होशील. त्या भोजनातली भाकर खाण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिले आहे. त्याच अध्यायात थोडे वर बघ: त्याची तक्रार अशी की एकत्र जमल्यावर काही जण पोटभर खाऊन घेतात आणि काही उपाशी राहतात. परीक्षा करायची ती मुख्यतः याच बाबतीत, असे मला वाटते. हे सगळे अजून झेपणार नाही असे वाटत असेल, तर पाळकसाहेबांना तसे स्पष्ट सांग आणि पुढच्या वर्षापर्यंत थांब. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे येशूनेच म्हटले आहे. आणि आजी रागावली तर तिची समजूत मी काढीन.

आजीला माझा सलाम सांग.

तुझे बाबा