जिओकॅशिंगमध्ये डबे लपवणाऱ्यांना त्यातून काय मिळतं, आणि त्यांचे आभार कसे मानायचे?

प्रश्न दिसला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण नेमक्या याच गोष्टीवरून आमच्या घरात एक वाद झालेला आहे आणि तो माझ्यापुरता तरी अजून मिटलेला नाही. तुम्ही लिहिलंय की दीडएकशे कॅश, म्हणजे कोणीतरी लपवून ज्यांचे जीपीएस को-ऑर्डिनेट्स नेटवर टाकलेत असे डबे, शोधून झाले, लपवणाऱ्यांना एक पैसा मिळत नाही हे आता कळलं, मग ते हे करतात कशाला, आणि लॉगमध्ये, म्हणजे शोधल्यावर नेटवर करायच्या नोंदीत, नुसतं टीएफटीसी (थँक्स फॉर द कॅश) लिहिलं तर पुरतं का. नाही पुरत. हे आधीच सांगून टाकते, बाकीचं नंतर.

(कॅशला मी पुढे डबाच म्हणणार आहे. इथले जर्मन लोकही डोझं म्हणजे डबाच म्हणतात, आणि लहानपणी डबा ऐसपैस खेळलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचतच नाही.)

आम्ही २०१५च्या ऑक्टोबरमध्ये एसलिंगेनला आलो. जर्मनीतल्या श्टुटगार्टहून एस-बानने, म्हणजे लोकलने, पंधरा-वीस मिनिटं, खाली नेकार नदी, वर चढावर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे. नवरा सकाळी सातला बाहेर, मुलगा पाच वर्षांचा आणि किंडरगार्टनमध्ये तोंड म्हणून उघडत नव्हता, मला ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, पुस्तकापलीकडे जर्मन येत नव्हतं, आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. त्या दिवसांत शेजारच्या बाईने मोबाईलवर जिओकॅशिंगचं ॲप टाकून दिलं आणि म्हणाली पोराला घेऊन वर जा. मळ्यांतून जाणाऱ्या वाटेवर एकाच माणसाने लपवलेले नऊ डबे होते. पहिले दोन सापडले. तिसरा नाही. तीन वेळा गेलो, पोरगं प्रत्येक वेळी रडत परत आलं. शेवटी मी डीएनएफ टाकला, म्हणजे 'डिड नॉट फाइंड', सापडला नाही असा लॉग, आणि डिक्शनरी समोर ठेवून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये चार ओळी लिहिल्या की माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, आम्ही इथे नवीन आहोत, तीनदा येऊन गेलो, वाट मात्र फार सुंदर आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकाचं, म्हणजे डबा लपवणाऱ्याचं, उत्तर आलं. तो सकाळी वर जाऊन बघून आला होता, डबा जागेवर होता. कुठे आहे ते त्याने सांगितलं नाही. एवढंच लिहिलं होतं की तुम्ही शोधू नका, मुलाला शोधू दे, त्याच्या उंचीवरून बघायचं आहे.

रविवारी गेलो. वाटेच्या कडेला एक लाकडी खांब होता, आम्ही त्याला टेकून चहा पिऊन गेलो होतो. पोराच्या नाकासमोर त्या खांबाच्या लाकडात एक गाठ होती, इतर गाठींसारखीच, फक्त तिची कडा जरा गुळगुळीत झालेली. त्याने नख घातलं आणि गाठ बाहेर आली, बुचासारखी. आत पेटलिंग, म्हणजे बाटली फुगवायच्या आधीची ती जाड प्लास्टिकची नळी असते ना, फिरकीच्या झाकणाची, ती. आत गुंडाळलेला कागद, अर्धी कापलेली पेन्सिल. मुलाने स्वतःचं नाव मराठीत लिहिलं, त्याला तेवढंच लिहिता येत होतं. येताना बसमध्ये तो एका अनोळखी आजींना जर्मनमध्ये सांगत होता की मला सापडला. त्याचं जर्मनमधलं मी ऐकलेलं ते पहिलं अख्खं वाक्य.

आता सांगा, याला टीएफटीसी लिहू?

फेब्रुवारीत तो माणूस प्रत्यक्ष भेटला. सत्तरीच्या पुढचा, निवृत्त सुतार. वाटेवर गुडघ्याखाली पोत्याचा तुकडा घेऊन बसलेला, समोर उघडा डबा, आणि जुन्या टूथब्रशने झाकणाच्या आट्यांतली रेती काढत होता. मग टॉवेलच्या तुकड्याने आटे पुसले, आतली रबराची रिंग बोटावर ताणून बघितली, चिरलेली होती म्हणून खिशातून दुसरी काढून बसवली. पिशवीत अर्ध्या अर्ध्या कापलेल्या पेन्सिली, टोकं केलेल्या, कारण कागद दमट असला की बॉलपेन उठत नाही. दर दीड महिन्याला नऊच्या नऊ डबे तो असे बघायचा, सगळं पदरमोड करून. खांब पण त्याने स्वतः आणून रोवला होता, मळेवाल्याला विचारून, दुसऱ्याच्या खांबाला भोक पाडायचं नाही म्हणून. मी विचारलं, एवढ्या दगडी भिंती आहेत, त्यांच्या फटीत किती सोपं गेलं असतं. म्हणाला, तिथे पाली राहतात, सरड्यासारख्या त्या भिंतीतल्या, आणि लोक डबा शोधताना एकेक दगड उपसून बघतात, मग भिंत ढासळते. हे शोधणाऱ्याला कधीच दिसत नाही. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागतं, जागेच्या मालकाची परवानगी लागते, वेबसाइटवर डब्याचं पेज लिहायचं, हिंट अशी लिहायची की मदत व्हावी पण मजा जाऊ नये, मग वेबसाइटचा रिव्ह्यूअर तपासणार (तोही फुकटच काम करतो), तेव्हा कुठे डबा सुरू होतो. शोधायला आपल्याला दहा मिनिटं लागतात.

आणि मिळतं काय, हे तुम्ही विचारलंत, ते मीही त्याला विचारलं होतं. त्याने मोबाईल काढून दाखवला. आपण जो लॉग लिहितो तो मालकाला मेलने जातो, प्रत्येक लॉगची एक मेल. त्याच्या बायकोचे गुडघे गेलेले, ती वर चढू शकत नव्हती, तर रात्री जेवताना तो तिला दिवसभराचे लॉग वाचून दाखवायचा. माझा तो डीएनएफ पण वाचला होता. बाई विचारत होती म्हणे, त्या मुलाला सापडला का शेवटी.

मिळतं ते एवढंच. चार ओळी. त्याही आपण देत नाही.

ईस्टरला आमचे भाऊजी आले म्युनिकहून. तीन हजारांवर डबे शोधलेत त्यांनी, नकाशावर सापडलेल्या डब्यांचे पिवळे चेहरे दाखवताना त्यांचा आवाज बदलतो. मी मोठ्या कौतुकाने त्यांना वर घेऊन गेले. नऊ डबे त्यांनी पावणेदोन तासांत संपवले, खांबाच्या गाठीपाशी म्हणाले हां, क्लेव्हर, आणि पुढे. रात्री सोफ्यावर बसून एक लॉग लिहिला, टीएफटीसी आणि एक अंगठा, आणि तोच नऊ वेळा चिकटवला. शिवाय पाच नंबरचं झाकण घाईत तिरकं लावलेलं, कागदाचा कोपरा आट्यांत अडकलेला, ते मला नंतर कळलं, आठवड्याच्या पावसात आतल्या कागदाचा लगदा झाला होता. मी त्या रात्रीच म्हटलं की भाऊजी, निदान त्या खांबाचं तरी दोन शब्दांत लिहा. तर म्हणाले, "वहिनी, त्यात काय एवढं, तो त्याचा छंद आहे. त्याला कोणी सांगितलं होतं लपवायला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली पण पाहुणे, सासूबाई फोनवर, मी गप्प बसले. दोन आठवड्यांनी तो सुतार भेटला तेव्हा तक्रार नाही केली त्याने, पण म्हणाला, त्या दिवशी नऊ मेल आल्या आणि वाचायला काही नव्हतं.

तर भाऊजी, तुम्ही हे वाचणार मला माहिती आहे, उत्तर आज देते. कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे गडांच्या वाटांवर कातळावर रंगाने बाण काढलेले असतात, ते काढणाऱ्यालाही कोणी सांगितलेलं नसतं, आणि ते बाण बघत बघत तुम्हीच धुक्यातून सुखरूप खाली उतरला आहात. आणि या खेळाची सुरुवातच मुळात लपवणाऱ्याने केली. अमेरिकेने २ मे २००० ला जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मे ला, डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ जंगलात एक बादली ठेवून तिचे को-ऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल, बीन्सचा टिन. नियम एवढाच, काही घ्या, काही ठेवा. माइक टीग शोधायला गेला तो त्यानंतर. म्हणजे आधी बादली, मग शोधणारा. तुमच्या तीन हजारामागे तीन हजार वेळा कोणीतरी आधी जाऊन वाकलेला आहे.

आता आभाराचं. लॉगमध्ये त्या जागेचं काहीतरी लिहा, त्या दिवशी काय झालं ते लिहा, भाषा मोडकी चालते, माझी किती मोडकी होती. प्रीमियम, म्हणजे पैसे भरलेले मेंबर असाल तर दर दहा शोधांमागे एक फेव्हरिट पॉइंट देता येतो, तो साठवून काय करता, देऊन टाका. सापडला नाही तर डीएनएफ लिहाच, लाज कसली त्यात, मालकाला त्यावरूनच कळतं की जाऊन बघायला हवं. कागद ओला असेल तर तसं कळवा, जवळ कोरा कागद असेल तर घाला, पण डबा सापडला नाही म्हणून स्वतःची फिल्मची डबी टाकून लॉग करून येऊ नका, हे अनेक जण मदत म्हणून करतात, ती मदत नाही. झाकण लावताना आट्यात कागद नाही ना ते बघा. आणि जिथून काढलं तिथेच, तसंच ठेवा, आपल्याला जास्त चांगली वाटलेल्या जागी नाही.

सगळ्यांनाच डोक्यावर घ्या असं म्हणत नाहीये. हायवेच्या रेलिंगला पन्नास डब्या चिकटवून वर्षानुवर्षं न फिरकणारे पण आहेत, त्यांना टीएफटीसी पुरे. एका दिवसात तीस डबे केले तर प्रत्येकाला निबंध होणार नाही हे मलाही कळतं, पोरं भुकेली असतात, बॅटरी संपते, तेव्हा एकाला तरी नीट लिहा. आणि भारतात लपवायचा विचार असेल तर स्टेशन, देऊळ, पूल, गर्दीच्या जागा सोडा, बेवारस डबा दिसला की पोलीस येणार आणि ते बरोबरच आहे. गडावरच्या जुन्या बांधकामात तर अजिबात नको.

२०१९ मध्ये ते दोघं मुलीकडे उत्तरेला राहायला गेले. जायच्या आधी त्याने विचारलं, डबे दत्तक घेशील का, तशी सोय असते, मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते. पाच त्याने बंद केले, चार माझ्याकडे आले, टूथब्रशसकट. तेव्हापासून त्या डब्यांच्या मेल मला येतात. चांगला लॉग आला की मी तो त्या दोघांना पुढे पाठवते, जेवायच्या वेळेच्या आत.

परवा एका माणसाने लिहिलंय की खांबाच्या गाठीत आता थोडं पाणी जातंय. मुलगा पंधराचा झालाय, त्याला आता खाली वाकून बघावं लागतं. शनिवारी दोघं जाऊन रिंग बदलणार आहोत, आणि बूच जरा घासून घ्यायचंय, पावसाने फुगलं असणार.