पुढचं पाठ, मागचं सपाट

“मॅडम, वाचलेलं लक्षातच राहत नाही.”

परदेशातून डॉक्टरकीची पदवी घेऊन आलेली मुलं माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसतात, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. इथे डॉक्टर म्हणून नोंदणी मिळवायची तर एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण, जून आणि डिसेंबर अशी दोन सत्रं. त्यातले १०० प्रश्न क्लिनिकलच्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याच्या, आधीच्या विषयांवर असतात: ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी १३ आणि फॉरेन्सिक १०. मुलं घाबरतात ती या शंभरांना. सुरुवातीच्या वर्षांत शिकलेलं, काही तर सहा-सात वर्षांपूर्वीचं, तेही परक्या देशात.

सुहासही (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) त्यांतलाच. वय २६, लालबागच्या चाळीत घर, दोन प्रयत्न हुकलेले.

“नेमकं काय होतं?”

“बायोकेम संपवून फिजिओला हात घातला की बायोकेम गेलेलं असतं. पुढचं पाठ, मागचं सपाट.”

“गेलं, हे कशावरून?”

“नोट्स उघडल्या की वाटतं, अरे, हे तर येतंय. प्रश्न समोर आला की डोकं कोरं.”

“प्रश्न किती सोडवतोस रोज?”

तो नखांकडे बघत राहिला. “आधी सगळं एकदा नीट करून घेतो. मग सोडवीन.”

हे ‘एकदा नीट’ चौथ्यांदा चाललं होतं. नोट्स चार रंगांत होत्या, देखण्या होत्या. पुढच्या भेटीला वडील सोबत आले. बेस्टमधून निवृत्त झालेले, भविष्यनिर्वाह निधीतले पैसे मुलाच्या शिक्षणात घातलेले. “बाई, बारा-बारा तास बसतो हो अभ्यासिकेत. मग जातं कुठे सगळं?” त्या प्रश्नात राग नव्हता, तेच जास्त कठीण होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की रात्री घरी आल्यावर ‘किती तास झाले’ हे विचारू नका. तासांचा हिशेब विचारला की मुलं तास भरून दाखवतात.

चाळीत सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे. कुणी ना कुणी रिपोर्ट घेऊन जिन्यात गाठायचं. म्हणून तो मागच्या जिन्याने ये-जा करायचा. हे त्याने सहज सांगितलं आणि मी वहीत अधोरेखित केलं.

“प्रश्न सोडवला आणि चुकला तर काय होईल?”

“कळेल ना, की मला येत नाही.”

“मग?”

“मग सहा वर्षं काय केलं मी? डॉक्टरला हे आलंच पाहिजे.”

मी काम करते ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे विचारातला ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट शोधून, आणि मराठीत काम करणाऱ्याला तिथे एक फायदा आहे. इंग्रजीत जो हट्ट शोधावा लागतो तो आपल्याकडे एका अक्षरात सापडतो: ‘च’. मी कागदावर ‘आलंच पाहिजे’ लिहिलं, ‘च’ खोडला आणि त्याला वाचायला लावलं. तो हसला. पण च खोडून माणूस सुटत असता तर माझी खोली केव्हाच बंद पडली असती. त्याला डोक्यातून पटलं होतं, हाडात उतरलं नव्हतं.

उतरलं ते माझ्या खोकल्यामुळे.

मला काही वर्षांपूर्वी रक्तदाबावर ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावाची गोळी होती. कोरडा खोकला लागला, जाता जाईना. डॉक्टरांनी ती बदलून ‘सार्टन’वाली दिली आणि खोकला थांबला. का, ते मी कधी विचारलं नाही. सुहासच्या पाचव्या भेटीत मी म्हटलं, “नोट्स पिशवीत राहू देत. मला सांग, असं का झालं? मी कॉमर्सवाली आहे, त्या बेताने सांग.”

तो सुरू झाला. रक्तदाब उतरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं. यकृतातून आलेल्या एका लांब प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडतं, तो अँजिओटेन्सिन एक. पुढे मुख्यतः फुप्फुसात एसीई नावाचं एन्झाइम त्याचं ‘दोन’ करतं. हा ‘दोन’ रक्तवाहिन्या आवळतो आणि अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडायला लावतो...

“कुठून सोडायला?” मी विचारलं.

“अड्रीनल कॉर्टेक्समधून, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या बाहेरच्या भागातून. तीन थर असतात. त्यातला...”

थांबला. कान लाल झाले. खाली प्लाझापाशी बसचा हॉर्न वाजत होता, तो संपेपर्यंत दोघेही गप्प. हात पिशवीकडे गेला.

“बघू का?”

“नको.”

“अडकलो ना मॅडम.”

“हो, अडकलास. खोकल्याचं राहिलंय अजून.”

माझ्याकडे त्याने जरा वैतागूनच पाहिलं. मग पुढे गेला. एसीई हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडतं. ‘प्रिल’ एन्झाइमच अडवतं, म्हणून ब्रॅडिकायनिन साचतं आणि घसा खवखवतो. ‘सार्टन’ एन्झाइमला हात लावत नाही, पुढच्या टप्प्यावर अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं ती जागा, अडवतं. “म्हणून तुमचा खोकला गेला,” असं म्हणून तो स्वतःच चमकला. “हे फिजिओ आहे, बायोकेम आहे, फार्मापण आहे. मी तीन वेगळ्या वह्यांत लिहिलंय.”

पुढच्या आठवड्यात दारातून आत येताना, चप्पल काढायच्या आधी म्हणाला, “झोना ग्लोमेरुलोसा. तो थर.” जे घडाघडा सांगितलं होतं ते नव्हे. जिथे कान लाल झाले होते, ते त्याला पक्कं झालं होतं.

त्या रात्री मला आजोळची दिवेलागण आठवली. आजी परवचा म्हणायला लावायची: पाढे, पावकी, निमकी. पुस्तक हातात नसायचं. अडलं की ती सांगायची नाही, नुसती थांबायची. घोकंपट्टी म्हणून आपण त्याला हसलो, पण ते वाचन नव्हतंच, ते रोजचं आठवणं होतं. हा दुवा माझा मला सापडला, याचं मला अजून अप्रूप आहे.

तेव्हापासून ‘लक्षात राहत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते: आठवून बघतोस का? वाचताना ओळख पटते. ओळखीला आपण ज्ञान समजतो. पान वाचलं की मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग उघडून राहिलेलं दुसऱ्या शाईने भरा. दुसऱ्या शाईचं प्रमाण पहिल्यांदा भीतिदायक असतं. तोच कागद दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. विसरणं हा दोष नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर निरर्थक अक्षरांचे प्रयोग करून लिहून ठेवलंय की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानेच ओसरतं. म्हणून सुटे मार्ग आणि सुटी एन्झाइमं पाठ करू नका, कुणाच्या तरी गोळीला, खोकल्याला, रिपोर्टला बांधा. प्रश्नसंच ‘पूर्ण तयारी झाल्यावर’साठी ठेवू नका, पहिल्या दिवसापासून सोडवा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. स्वतःच्या खोलीत तरी का कापता? आणि झोप तोडून लेक्चर दुप्पट वेगाने ऐकणं म्हणजे गळक्या बादलीवरचा नळ मोठा करणं.

निकाल विचारणारे असतातच, म्हणून सांगते: पुढच्या सत्रात १५८ मिळाले. रंगीत नोट्स अजून माळ्यावर आहेत म्हणे.

मला मात्र परीक्षेच्या महिनाभर आधीची भेट जास्त आठवते. त्या दिवशी तो पुढच्या जिन्याने उतरला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थायरॉइडचा रिपोर्ट पुढे केला, गोळी किती वाढवू म्हणून विचारलं.

“काय सांगितलंस?”

“टीएसएच वाढलंय एवढं कळतंय म्हटलं. पण डोस मला नाही सांगता येणार, तुमच्या डॉक्टरांना दाखवा.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, तुला येत नाही होय रे? मी म्हटलं, हे नाही येत.”

“मग काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, चहा टाकलाय, घेऊन जा.”