‘ॲडजस्ट करतो’ हे बायोडेटात लिहू नका

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोपच उडाली. आयटीआय फिटर, चाकणला मेंटेनन्समध्ये अकरा वर्षं, पोरगी दुसरीत, वहिनी तयार. आणि जर्मनीत, स्टुटगार्टच्या मुलाखतीत ‘तुमच्या जमेच्या बाजू सांगा’ म्हणाले तर काय सांगायचं? तुम्हीच केलेली यादी: कष्टाळू, कितीही तास थांबतो, कुठेही ॲडजस्ट करतो. माझी यादी अगदी हीच होती, म्हणून लिहायला बसलो. व्हिसा, बँकेत किती पैसे दाखवायचे, ते सगळं सरकारी साइटवर आहे. तिथेच बघा.

मी 2015 मध्ये आलो, बायकोच्या ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या इथल्या कामाच्या परवान्यावर. ती नोकरीला, मी तिच्यामागून बॅगा ओढत. पुढे एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तिसऱ्या महिन्यात मशीनच्या गार्डचा लिमिट स्विच, म्हणजे संरक्षक जाळी उघडी असली की मशीन बंद ठेवणारा स्विच, गेला, लाइन थांबली. मी वायरचा तुकडा टाकून स्विच बायपास केला आणि पाच मिनिटांत लाइन चालू. चाकणला साहेबांनी चहा पाजला असता. इथे फोरमनने शांतपणे मशीन बंद केलं आणि आठवड्याने हातात लेखी ताकीद. तास जास्त थांबायचं म्हणाल, तर इथल्या कायद्याने दिवसाला दहाच्या वर थांबता येत नाही. थांबलात तर ताप वरच्याला. मला दोनदा घरी हाकललंय. यादीतले दोन मुद्दे तिथेच गळले.

मग एका दुपारी कन्व्हेयरच्या गिअरबॉक्सजवळून जाताना पाय थांबला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. नेहमीच्या घरघरीत मधेच एक बारीक करकर येत होती, भाकरी खाताना दाताखाली खडा यावा तशी. जर्मन तेव्हा अर्धीकच्ची, बोट दाखवून ‘कापुट’, म्हणजे बिघडलंय, एवढंच म्हणालो. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बराच वेळ ऐकत राहिला. शनिवारी गिअरबॉक्स खोलला. बेअरिंगच्या आतल्या कड्याचा (रेसचा) नखाएवढा पापुद्रा सुटलेला. त्यानंतर कुठलंही मशीन कण्हायला लागलं की तो मला हाक मारायचा. याला काही गुण वगैरे म्हणतात, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. चाकणला आम्ही सगळेच ऐकायचो.

तर तुम्ही शिफ्टमधल्या तिघाचौघांना विचारा, कुठल्या कामाला तुम्ही मलाच हाक मारता? जे उत्तर येईल ते मुलाखतीत सांगा, मशीनच्या नावासकट.

आणि तेच चाकणच्या कंपनीच्या अनुभवाच्या पत्रात लिहून घ्या, निघायच्या आधी. हे कळकळीने सांगतोय. आपल्या शिक्षणाला इथली मान्यता न्युरेम्बर्गच्या कार्यालयातून मिळते. आपला फिटरचा कोर्स दोन वर्षांचा, इथलं इंडस्ट्रियल मेकॅनिकचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं. मधली फट अनुभवाने भरता येते, पण अनुभव कागदावर लागतो. माझ्या नऊ वर्षांचं पत्र दोन ओळींचं: तारखा, आणि ‘वर्तणूक चांगली’. सविस्तर मागितलं तर एचआरचं उत्तर, आमच्याकडे तसा फॉरमॅट नाही. पुण्यात मेहुण्याने सात चकरा मारल्या. अजून डोकं फिरतं. गंमत म्हणजे इथल्या कंपनीच्या पत्रात ‘यांनी प्रयत्न केले’ असं असेल तर त्याचा अर्थ जमलं नाही असा घेतात. आपण त्यावर पेढे वाटू.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो, जाड जॅकेट घ्या.

आता शाळा. मुलगा तिसरीत बसला. पहिल्या चाचणीत गणितात 2 आले म्हणून मी त्याला बोल बोल बोललो. इथे 1 म्हणजे सर्वात चांगलं आणि 6 म्हणजे सर्वात वाईट, हे पुढच्या आठवड्यात कळलं. चौथीत असताना, पुढे कोणत्या शाळेत जायचं याची शिफारस मिळते. बाई म्हणाल्या, गणित छान आहे पण भाषा कच्ची, गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) झेपणार नाही, रेआलशूल (दहावीपर्यंतची मधली शाळा) बरी. बायको त्या दिवशी कामासाठी परगावी होती. मी मान डोलावली आणि सही केली. आपण ॲडजस्ट करणारी माणसं ना! ती शिफारस बंधनकारक नव्हती. या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, 2012 पासून निर्णय पालकांचा होता. मला हे कळलं दोन वर्षांनी, ट्रामच्या स्टॉपवर, एका तुर्की बाईकडून.

तुमच्या वेळेला नियम निराळा आहे. आता गिम्नाझियमसाठी पालकांच्या इच्छेबरोबर शिक्षकांची शिफारस किंवा चौथीतली जर्मन-गणिताची चाचणी, यातलं एक तरी जुळावं लागतं. नाहीच जुळलं तर वेगळी परीक्षा असते. पोरीची जर्मन आत्तापासून सुरू करा. बैठकीला दोघंही जा, प्रश्न लिहून न्या, आणि सही करायला सांगितली तर कागद आधी घरी न्या.

मुलगा आता मेकाट्रॉनिक्सचं (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) प्रशिक्षण घेतोय, खूश दिसतो. मागच्या महिन्यात घरातल्या वॉशिंग मशीनला त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवून कान लावला. मी शिकवलं नव्हतं. त्या सहीचं त्याला अजून सांगितलेलं नाही.