भंडारा उचलला, आता मत कुणाला?

प्रश्न : ताई, मी कराड तालुक्यातली, वय २३. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, माझी श्रद्धा आहे, रविवारचा उपास पण धरते. पण धर्माच्या नावावर मतं मागितलेली मला पटत नाहीत. बाबा म्हणतात मग तू देवाला मानतच नाहीस, आणि मैत्रिणी म्हणतात स्वतःला सेक्युलर म्हणवतेस तर उपास कशाला? त्यात विधानसभेच्या आधी देवळात बोलवून घरटी एकाला खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद, उचलून शपथ घ्यायला लावली, अमक्यालाच मत देणार म्हणून. घरातून मीच गेले होते. वेगळं मत दिलं तर देव कोपेल का?

उत्तर : अगं, आधी भंडाऱ्याचं बघू, कारण तुला खरी भीती त्याचीच वाटतेय. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, त्याच्या कलम १२३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हा निवडणुकीतला भ्रष्टाचार आहे, उमेदवारानं स्वतः किंवा त्याच्या संमतीनं कुणी तसं केलं आणि ते कोर्टात सिद्ध झालं तर निवडून आलेला माणूस पदावरून जातो. म्हणजे चूक शपथ घालणाऱ्याची आहे, तुझी नाही. दबावाखाली उचललेल्या भंडाऱ्यानं तुझं मत बांधलं जात नाही, आणि खंडोबाला उमेदवाराचा एजंट करणं हा मला तरी देवाचाच अपमान वाटतो, फार राग येतो याचा.

आता बाबा आणि मैत्रिणी. देव मानणारा अमुक पक्षाचा आणि न मानणारा तमुक पक्षाचा, हे दोघांनीही धरूनच टाकलंय. आपल्या जिल्ह्याकडे बघ ना, जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, ते निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानायचे, तेव्हा नास्तिक नव्हतेच, पण देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको म्हणून १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक, तरी त्यांचं भांडण देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीशी होतं, कुणाच्या साध्या श्रद्धेशी नव्हतं. आणि १९५७ ला साताऱ्यानं क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठवलं, त्यांना मत देणारे सगळे काय देव न मानणारे होते? त्यात माळकरी असतील, पालीच्या जत्रेला जाणारे असतील, त्यांना त्या वेळी संयुक्त महाराष्ट्र पाहिजे होता.

श्रद्धेचा राजकारणाशी संबंधच नसतो असं मी म्हणत नाहीये, अभंग ऐकून जातपात नको वाटायला लागली तर तेही राजकीय मतच झालं. पण ते तुझं तुला आतून आलेलं असतं.

मैत्रिणींना सांग की घटनेतली धर्मनिरपेक्षता सरकारला बांधते, सरकारचा स्वतःचा धर्म नसतो, तुझा असू शकतो, कलम २५ नं तो हक्क दिलाय. उपास खुशाल धर. बाबांशी भांडू नकोस, त्यांना एवढंच विचार की रस्ता, पाणी, उसाचं बिल यासाठी उमेदवाराला जाब विचारताना तुम्ही त्याचा देव कुठला ते बघता का? मत गुप्त असतं, कुणाला दिलंस ते घरीसुद्धा सांगायची सक्ती नाही.